आधी वार, मग नाव

ती माझ्या टेबलाशी आली की आधी उघड्या नोंदवहीवर हात ठेवायची. बोटं पसरून, पुरा पंजा. लिहायची ओळ झाकली जायची आणि माझं पेन हवेतच राहायचं.

"थांब भाऊ," ती म्हणायची. "आधी वार सांग, मंग नाव लिख."

वार मी सांगायचा नसायचा. प्रश्न असायचा माझ्यासमोर उभ्या असलेल्या बापाला. बाप डोंगरातून आलेला, खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चप्पल, आणि सरकारी टेबलापुढे उभं राहिल्यावर माणसाचं जे होतं ते झालेलं. तो तिच्याकडे बघून डोंगरातल्या पावरी बोलीत काहीतरी पुटपुटायचा. ती मान हलवायची, पंजा उचलायची आणि मला म्हणायची, "हां. आते लिख."

तुम्ही कधी सरकारी दवाखान्यात जन्माच्या नोंदीसाठी रांगेत उभे राहिला असाल, तर टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा तुम्हाला आठवत असेल. मान खाली, नजर कागदावर, "पुढचा" एवढा एकच शब्द तोंडात. तो मी. किंवा माझ्यासारखा कुणीतरी.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. शहादा तालुक्यातलं मोठं गाव, म्हसावदपासून फार लांब नाही, एवढं पुरे. खाली पपई, केळी आणि ऊस, वर सातपुडा. तोरणमाळच्या बाजूच्या पाड्यांवरून बाळंतिणी आमच्याकडे यायच्या, कधी रुग्णवाहिकेतून, कधी जीपच्या मागच्या सीटवर आडव्या. मी तिथे लिपिक होतो. ती प्रसूती विभागात आया. तिला सगळे मावशी म्हणायचे. डॉक्टर, नर्सबाई, बाळंतिणी, समोरचा मेडिकलवाला, आणि तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा.

अंगाने लहानखुरी. लुगडं गुडघ्याच्या जरा खाली खोचलेलं. दोन्ही हातांत गरम पाण्याच्या बादल्या घेऊन ती व्हरांड्यातून निघाली की समोरचा माणूस भिंतीला चिकटायचा. घरी पावरी बोलायची, दवाखान्यात अहिराणी, डॉक्टरांपुढे मराठी. घाईत असली की तिन्ही एकाच वाक्यात यायच्या आणि तरी सगळ्यांना सगळं कळायचं.

एकदा नवे डॉक्टर आले होते, देशावरचे. बाळंतिणीला ते विचारत होते, "कळा किती वेळाने येतात? तीव्रता किती आहे?" पोरगी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होती. मावशीने बादली खाली ठेवली, पोरीचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांचं मनगट पकडलं. पोरीला कळ आली की ती मनगट आवळायची, कळ ओसरली की सोडायची. "आते समजनं का डॉक्टरसाहेब?" तिने विचारलं. डॉक्टरांच्या मनगटावर दुसऱ्या दिवशीही वळ होते. पुढे ते आमच्याकडे तीन वर्षं टिकले. त्यांच्याआधीचे कुणी इतके टिकले नव्हते.

आता नावांचं सांगतो.

डोंगरातल्या पुष्कळ घरांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वारावरून त्याचं नाव पडतं. सोमवारचा सोमा. मंगळवारची मंगली. बुधवारचा बुद्या. गुरुवारला बेस्तरवार म्हणतात, म्हणून वेस्ता. रविवार म्हणजे दीतवार, त्याचा दीत्या. मला सुरुवातीला ही नावं वाटायचीच नाहीत, कॅलेंडर वाटायचं. बाकीची नावंही अशीच. शेतात झाला तो खेतऱ्या. दिवाळीत झाला तो दिवाळ्या.

माझ्या ड्रॉवरमध्ये तेव्हा एक पातळ पुस्तिका असायची. बसस्टँडवर घेतलेली, वर गुबगुबीत बाळाचं चित्र, आत मुलामुलींची हजारभर नावं अर्थांसह. मला वाटायचं, नाव शोभलं पाहिजे. मूल उद्या शाळेत जाईल, कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल. तिथे दीत्या म्हणून हाक मारली तर सगळे हसतील. म्हणून मी दीत्याचा दिलीप करायचो. बुद्याचा बुद्धिवान. वेस्ताचा वसंत. कुणी तक्रार करायचं नाही. कुणाला वाचताच यायचं नाही, तक्रार कोण करणार?

मी नवा होतो तेव्हा मावशीने मला एकदा असं करताना पकडलं. बापाने सांगितलं एक आणि मी मोठ्याने म्हणत लिहिलं दुसरं. तिने लगेच पंजा ठेवला. तिचा तो पंजा मी पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी.

"काब्र बदलस?" तिने विचारलं.

मी तिला समजावून सांगितलं. शाळा, कॉलेज, नोकरी, हसणारी पोरं. ती ऐकत राहिली. तिचं ऐकणं असं होतं की बोलणाऱ्याला आपण बरोबर बोलतोय असं वाटत राहायचं.

मग म्हणाली, "लेकरू संगे काय आनस भाऊ? ना कपडा, ना डागिना. एक वार आनस. तो बी तू काढी लेशी?"

मी दिलेलं नाव खोडून बापाने सांगितलेलं लिहिलं. तेव्हापासून तिने दोन नियम केले. माझ्यासाठी, स्वतःहून, कुणालाही न विचारता. एक, डोंगरातलं मूल असेल तर ती येईपर्यंत मी नाव लिहायचं नाही. दोन, लिहून झालं की मोठ्याने वाचायचं. "वाची दाखाड," ती म्हणायची. तिला अक्षर येत नव्हतं. मी वाचायचो, बाप मान हलवायचा, ती जायची.

शनिवारला तिकडे थावर म्हणतात. शनिवारचा मुलगा थावऱ्या, मुलगी थावरी. मला सगळ्यांत अवघड वाटायचं ते हेच नाव. उच्चारायलाही आणि समजायलाही. पुस्तिकेत 'थ'वर फारसं काही नव्हतंच. एकदा मी समोरच्या मेडिकलवाल्या शेटजींना हसत हसत म्हटलं, "आज परत एक थावरी झाली." त्यांच्या आजोबांनी मारवाडातून येऊन इथे दुकान थाटलेलं. शेटजी औषधाची पट्टी कापता कापता थांबले.

"थावर?" ते म्हणाले. "माझी आजी शनिवारला थावरच म्हणायची. थावरला ती मीठ खायची नाही."

मला नवल वाटलं. शेटजींनाही वाटलं असावं, कारण त्यांनी ती पट्टी कापायची तशीच ठेवली आणि आजीबद्दल बराच वेळ बोलत राहिले. पुढे एका निवृत्त मास्तरांना मी विचारलं. ते म्हणाले, शनि हा सगळ्यांत सावकाश चालणारा, जवळजवळ न हलणारा. म्हणून स्थावर, त्याचा झाला थावर. खरं-खोटं मी तपासलेलं नाही. पण मी ते मावशीला सांगितलं, जरा ऐटीतच. म्हणजे बघ, हा शब्द मूळचा तुमचा नाहीच, असं काहीतरी मी म्हणालो.

ती फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "शबद कोनाबी ऱ्हावो. हाक ते आम्हीच मारतस ना?"

इथपर्यंतचं सांगायला सोपं होतं. पुढचं सांगताना अजूनही जरा थांबावं लागतं.

असाच एक शनिवार होता. वरच्या पाड्यावरची एक पोरगी बाळंत झाली होती. मुलगी. बाप मिरचीच्या कामाला नंदुरबारला गेलेला, म्हणून नोंदीला आजी आली होती. आजी म्हणजे पोरीची सासू, काठीसारखी सरळ म्हातारी, कानात चांदीची जड कर्णफुलं. मावशीने पंजा ठेवला, वार विचारला, म्हातारीने सांगितला. "थावरी," मावशी म्हणाली आणि पंजा उचलला.

मी 'तारा' लिहिलं.

का लिहिलं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. राग नव्हता. त्या दिवशी आधीच दोन थावरी झाल्या होत्या आणि मला ते नाव लिहायचा कंटाळा आला होता, एवढं नक्की. शिवाय मी त्या मुलीचं भलं करतोय असंही मला प्रामाणिकपणे वाटलं. थावरी, तारा, फारसं लांब नाही. चांगलं, चमकणारं नाव.

"वाची दाखाड," मावशी म्हणाली.

मी 'तारा' या अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचलं, "थावरी."

म्हातारीने पुढे वाकून ती अक्षरं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग माझ्याकडे बघून हसली. तिला समोरचे दात नव्हते. मी पण हसलो.

एकदा जमलं की पुढे जमत जातं. त्यानंतरही शनिवारच्या काही मुलींना मी तारा केलं. प्रत्येक वेळी नाही. कधी कंटाळा असला की, कधी डोंगरावरून आलेली माणसं फारच दमलेली दिसली की. प्रत्येक वेळी मावशीपुढे बोट ठेवून खणखणीत वाचलं. माझ्या वाचण्यावर तिचा विश्वास होता. मी वाचलं की ती वळून जायची, परत विचारायची नाही.

दहा वर्षं गेली. एका सकाळी एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी दहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हातात प्लास्टिकची फाइल. फाइल तिनेच धरली होती, बापाकडे दिली नव्हती. तिची निवासी शाळेत निवड झाली होती. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथे. पाड्यावरून अशी निवड झालेली ती पहिलीच. पण कागद जुळत नव्हते. आधारकार्डावर थावरी होतं, कारण ते पाड्यावरच्या शिबिरात आजीने सांगून करून घेतलेलं. जन्मदाखल्यावर तारा. पाड्यावरच्या शाळेने दाखला बघून तारा लावलेलं. नव्या शाळेने सांगितलं होतं, आठवड्याभरात एकच नाव करून आणा, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल.

मी जुनी नोंदवही काढली; म्हातारीने वाकून पाहिलेली तीच ओळ. तेवढ्यात मावशी बादली घेऊन तिथून जात होती. 'थावरी' ऐकून थांबली.

"कोनी आंडेर शे ही?" कुणाची लेक ही, असं तिने बापाला विचारलं. त्याने पाड्याचं नाव सांगितलं, आईचं सांगितलं. मावशीचा चेहरा उजळला. तिला ते बाळंतपण आठवत होतं. तिला सगळीच आठवायची. "वाच ना पोरी," ती मुलीला म्हणाली. "तुन्हं नाव लिखेल शे आठे. मन्ह्या समोर लिखेल शे."

मुलीने वहीवर वाकून वाचलं, "तारा."

"नीट वाच."

"ताराच लिहिलंय मावशी. त ला काना, र ला काना."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. बादली उचलली आणि गेली. त्या दिवशी तिच्या बादलीतलं पाणी व्हरांड्यात सांडत गेलं होतं. एरवी एक थेंब सांडायचा नाही.

तेव्हाच्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही बसलो. डॉक्टर म्हणाले, दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे जन्मदाखला आहे तसा ठेवायचा आणि आधार बदलून तारा करून घ्यायचं. कुणाला काही त्रास नाही. दुसरा रस्ता म्हणजे जन्माची नोंद दुरुस्त करायची, मग शाळेतलं नाव. त्यासाठी नोंद चुकली कशी हे लिपिकाने लेखी द्यावं लागेल. डॉक्टरांनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. भला माणूस होता.

मी बापाला पहिला रस्ता समजावून सांगितला. वेळ कमी आहे, शाळा हातची जाईल, तारा हे नाव चांगलंच आहे. सगळं खरं होतं. बाप मान हलवत होता. त्याने कशालाही मान हलवली असती.

मावशी दारात येऊन उभी राहिली होती. केव्हा आली कळलं नाही.

"पोरले इचारं का कोनी?" ती म्हणाली.

कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी मुलीला विचारलं, "तुला कुठलं नाव हवं?"

मुलीने फाइल छातीशी धरली. "थावरी म्हणजे काय?" तिने विचारलं. आजी दोन वर्षांपूर्वी वारली होती. घरी तिला सगळे नुसतं बाई म्हणायचे.

मावशी खाली बसली, उकिडवी, मुलीच्या उंचीला. आधी पावरीत काहीतरी म्हणाली, मग आमच्यासाठी मराठीत. शनिवार होता. जीप घाटात बंद पडली होती. तुझी आई जीपमध्ये आणि आजी चाकाला दगड लावून बाहेर उभी. सगळ्यांना वाटलं तू तिथेच होशील, रस्त्यात. पण तू आली नाहीस. जीप दुरुस्त होईपर्यंत थांबलीस, दवाखाना येईपर्यंत थांबलीस. मी दार उघडलं, तुझ्या आईला आत घेतलं, तेव्हा आलीस. आजी म्हणाली, ही जागची हलत नाही, ही थावरीच.

सांगताना मावशी हसत होती. डॉक्टरही हसले. मुलगी हसली नाही. तिने विचार केला आणि विचारलं, "मी बाहेर जाऊन येऊ?"

बापलेक बाहेर चहाच्या गाडीपाशी उभे राहिलेले मला खिडकीतून दिसत होते. बाप चहा पीत होता. मुलगी बिस्किट खात होती आणि काहीतरी बोटांवर मोजत होती. मी मनात म्हणत होतो, तारा म्हण, तारा म्हण. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण आता लिहायलाच बसलो आहे तर लिहितो.

ती आत आली. म्हणाली, "थावरी लिहा."

"आजीसाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या शाळेत चार तारा आहेत. पोरं मोठी तारा, बारकी तारा, सरपंचाची तारा आणि काळी तारा म्हणतात. मी काळी तारा. थावरी एकच होईल."

डॉक्टर परत हसले. मावशी हसली नाही. मीही नाही. एका पाड्यावरच्या एका शाळेत चार तारा कशा आल्या, ते त्या खोलीत दोघांना कळलं होतं.

मी टेबलाशी येऊन कागद घेतला. डॉक्टरांनी सुचवलं होतं, 'लेखनदोष झाला' असं लिहा, विषय संपेल. मी तसं लिहायला घेतलं. मावशी शेजारी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने विचारलं, "काय लिखस?"

"हात चुकला असं लिहितोय," मी म्हणालो.

"हात नही चुकना भाऊ," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "हात ते तू सांगं तसाच चालना."

मी कागद फाडला. दुसरा घेतला. पालकांनी सांगितलेलं नाव मी माझ्या मनाने बदललं आणि विचारल्यावर खोटं वाचून दाखवलं, असं लिहून सही केली. डॉक्टरांनी ते वाचून चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुढे पाठवलं. मला जिल्ह्याहून खुलाशाचं पत्र आलं. त्याचं उत्तर दिलं. ताकीद मिळाली. त्याहून जास्त काही झालं नाही. मुलीचा दाखला चौथ्या दिवशी तयार झाला. त्यावरचं नाव तिने स्वतः तीनदा वाचलं, मग फाइलमध्ये घातलं. शाळेत जागा मिळाली.

मावशीने निरोप धाडून बाकीच्या तिघी तारांना बोलावलं. एक आली, तिची नोंद दुरुस्त केली. दुसरीच्या घरून कुणी आलं नाही. तिसरीने उलटा निरोप पाठवला की मला तारा आवडतं, ताराच राहू द्या. मावशीने तो निरोप परत एकदा सांगायला लावला. मग म्हणाली, "ऱ्हावू दे. तिना हक शे."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. टेबलाशी यायची, पण पंजा ठेवायची नाही. नुसती उभी राहायची. ते जास्त वाईट होतं.

मग एक दिवस नर्सबाईंनी मला सांगितलं की मावशी दुपारच्या वेळी त्यांच्याकडे अक्षरं शिकते. वय पन्नासच्या पुढे. केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर ती पेन्सिलीने गिरवायची. नर्सबाईंनी 'अ'पासून सुरुवात केली तर म्हणाली, "ते राहू दे. पहिले थ दाखाड." थ झाला, मग त, मग द, मग ब. तिला हवी होती ती अक्षरं तिने आधी घेतली, बाकीची नंतर. क्ष आणि ज्ञ ती शेवटपर्यंत शिकली नाही. "त्या वारी कोनी जन्म नही लेत," म्हणायची.

काही महिन्यांनी ती टेबलाशी आली आणि वही स्वतःकडे फिरवली. "मन्हा तुन्हावर भरोसा शे," ती म्हणाली. "पन वाचू दे."

ती एकेक अक्षर वाचायची. सु. क. ली, शुक्रवारची. रांग थांबायची. मागे उभी असलेली माणसं चुळबुळ करायची. मी पेन खाली ठेवून बसायचो. एखाद्या वेळी ती अडायची, तेव्हा माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघायची आणि ओठ हलवायची. मी सांगायचो नाही. मी सांगितलेलं तिला चाललं नसतं आणि मला ते माहीत होतं. आठ वर्षं तिने अशी प्रत्येक ओळ वाचली. त्या आठ वर्षांत माझ्या हातून नाव चुकलं नाही. चुकवायची सोयच राहिली नव्हती, असंही म्हणता येईल.

ती निवृत्त झाली त्या दिवशी आम्ही व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. डॉक्टरांनी शाल दिली, नर्सबाई रडल्या. मावशीला बोलायला सांगितलं तर म्हणाली, "बादल्या कोरड्या करीसन ठेवेल शेत," आणि बसली. दुसऱ्या दिवशी वर तिच्या पाड्यावर गेली. नवरा त्याआधीच तिकडे राहायला गेला होता, मक्याचं थोडं शेत होतं.

आता सगळं संगणकावर आहे. नाव दोन भाषांत भरावं लागतं, वार कुठेच विचारत नाहीत. वरचे बापही हल्ली नाव मोबाइलमध्ये शोधून आणतात. आरव, अन्वी, असं काहीबाही. ते सांगतात ते मी लिहितो आणि वही नसली तरी पडदा त्यांच्याकडे फिरवून वाचायला सांगतो.

मावशी गेल्या पावसाळ्यात वारली. मला ते दोन महिन्यांनी कळलं, जीपवाल्याकडून, चहा पिता पिता. त्याला वाटलं मला माहीतच असेल.

तिच्या घरी मी एकदाच गेलो होतो. निवृत्तीनंतरच्या वर्षी. पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, तो तिचा पोचला नव्हता. म्हटलं आपणच घेऊन येऊ. तोरणमाळच्या रस्त्याला लागलो, घाटात अर्ध्यावर उतरलो आणि पायवाटेने चालत गेलो. पाड्यावर पोचल्यावर पहिल्या घरापुढे बसलेल्या बाईला मी तिचं नाव विचारलं, हजेरीपटावरचं, तीस वर्षं तिच्या पगाराच्या कागदांवर असलेलं.

"अशी बाई इथं नाही," ती म्हणाली.

पुढच्या घरीही तेच. मग मी म्हणालो, दवाखान्यात होती ती. तेव्हा बाई हसली आणि दुसरंच नाव म्हणाली. मी ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं. हजेरीपटावरच्या नावाशी त्याचं एक अक्षर जुळत नव्हतं.

मावशीने मला मक्याची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा वाढला. मी विचारलं, हजेरीपटावर ते नाव कुणी घातलं? म्हणाली, तुझ्या आधीच्या बाबूने. त्याला माझं लिहिता येईना.

"मग मला कधी सांगितलं का नाही? इतकी वर्षं?"

"तू कधी इचारं?" ती म्हणाली, आणि भाकरीचा दुसरा तुकडा माझ्या ताटात ठेवला.

फॉर्मवर तिने अंगठा दिला नाही, सही केली. आधी सगळा फॉर्म वाचला, मग दवाखान्यातल्या नावाने सही केली, सावकाश, अक्षरं मोठी. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का, असं तिला विचारलेलं नाही, आणि आता विचारता येणार नाही.

मी निघालो तेव्हा ती बांधापर्यंत पोचवायला आली होती. समोरच्या उतारावरून, मधल्या ओढ्यापलीकडून, एका बाईने तिला हाक मारली. पाड्यावरच्या त्या नावाने, लांब सूर काढून, डोंगरात मारतात तशी. मी दवाखान्यात तिला हजार वेळा मावशी म्हणून बोलावलं असेल. एवढ्या झटकन ती कधी वळली नव्हती. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओ दिली. मग माझ्याकडे न बघता ओढ्याच्या दिशेने भराभर उतरत गेली.